कॅनडाची कविता वाचायचीय? सवाल-जवाबापासून सुरुवात करा

कॅनडाची कविता म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी दोनच नावं येतात, लेनर्ड कोहेन आणि रुपी कौर. एक गाण्यांमुळे माहीत, दुसरी मोबाइलमुळे. दोन्ही दारं चांगलीच आहेत, आत शिरायला हरकत नाही. पंचाईत पुढे होते. आत गेल्यावर कुठल्या खोलीत जायचं ते कुणी सांगत नाही.

मी तेव्हा सगळे करतात तेच केलं. लायब्ररीतून एक जाडजूड प्रातिनिधिक संग्रह आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. तळी, मेपल, हिवाळा, वल्ही, पुन्हा मेपल. साठेक पानांनंतर पुस्तक उशाशी गेलं ते मुदत संपली तेव्हाच बाहेर निघालं. पुढे बऱ्याच दिवसांनी एक छोटी कविता हाती लागली. तिच्यात एक कवी दुसऱ्या कवीला नावाने हाक मारून जाब विचारतो. मग खटका बसला. ही मंडळी एकमेकांशी भांडतायत! तमाशात एक फड कोडं घालतो आणि दुसरा ते सोडवतो, तसला हा मामला आहे. फरक एवढाच की इथं जवाब यायला कधी पाच वर्षं लागतात, कधी शंभर.

म्हणून नव्या वाचकाला माझं एकच सांगणं असतं. कविता सुटी वाचू नका, जोडीनं वाचा. खाली मला जमलेला क्रम देतोय.

पहिली पायरी : रेल्वेचा खिळा

सुरुवात ई. जे. प्रॅट यांच्यापासून करा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जन्मलेला (१८८२) आणि टोरांटोत प्राध्यापकी केलेला हा कवी, मोठमोठ्या विषयांवर लांबलचक कथाकाव्यं लिहिणारा. १९३५ मध्ये त्यांनी टायटॅनिकवर लिहिलं आणि १९५२ मध्ये 'टुवर्ड्स द लास्ट स्पाइक' ही कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची गाथा. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या क्रेगेलाची इथं या मार्गाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. ठोकणारे डोनाल्ड स्मिथ, म्हणजे कंपनीचे बडे भागीदार. त्या क्षणाचा फोटो कॅनडाच्या शाळेच्या पुस्तकांत हटकून असतो : पांढरी दाढी, उंच टोपी, हातात हातोडा, मागे माणसांची दाटी.

प्रॅटची अख्खी कविता वाचायची गरज नाही. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेचा अतिप्राचीन खडक त्यांना निजलेल्या प्रचंड सरड्यासारखा दिसतो, तेवढा भाग वाचा. सुरुंग लावणारी माणसं त्या सरड्याची झोपमोड करतायत. तो भाग खरोखर झकास आहे.

आता जवाब. एफ. आर. स्कॉट हे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकवायचे, राज्यघटनेचे नामांकित जाणकार. प्रॅटला मित्र 'नेड' म्हणत. स्कॉटच्या कवितेचं नावच 'ऑल द स्पाइक्स बट द लास्ट', म्हणजे शेवटचा सोडून बाकीचे सगळे खिळे. पहिल्याच ओळीत ते विचारतात, नेड, तुझ्या कवितेत कुली कुठं आहेत? उणे चाळीस अंशांत कुदळ मारणारे चीनचे हजारो मजूर कुठं आहेत? कंपनीला मिळालेल्या अडीच कोटी एकर जमिनीतला एक तरी एकर त्यांच्या वाट्याला आला का? वकिलाची उलटतपासणी असते तशी ही कविता आहे, एकेक प्रश्न नेमका आणि कोरडा. शेवटी ते चिनी स्थलांतराच्या कायद्यावर बोट ठेवतात आणि थांबतात. तो कायदा काय होता हे माहीत असल्याशिवाय ती ओळ लागत नाही, म्हणून सांगतो. ज्या १८८५ साली रेल्वे पूर्ण झाली त्याच साली येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरचा कर बसला. १९०३ मध्ये तो ५०० डॉलर झाला. १९२३ मध्ये दारच बंद केलं, ते १९४७ पर्यंत.

कविता वाचून झाली की तो फोटो पुन्हा उघडा आणि त्यात एखादा चिनी चेहरा सापडतो का ते बघा. सापडणार नाही.

सवाल-जवाब इथंच संपत नाही. १९९६ मध्ये मॅरिलिन ड्युमाँट या मेटी कवयित्रीचा 'अ रिअली गुड ब्राउन गर्ल' हा पहिला संग्रह आला. मेटी म्हणजे युरोपीय आणि आदिवासी अशा दोन्ही वंशांतून उभा राहिलेला समाज. रेल्वे बांधण्याच्या हट्टाला पेटलेले पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांना तिनं या संग्रहात पत्र लिहिलंय. सुरुवात 'डिअर जॉन'. इंग्रजीत 'डिअर जॉन'चं पत्र म्हणजे बाईनं पुरुषाला 'आपलं संपलं' म्हणून कळवलेलं पत्र, हा वाकप्रचार माहीत असला की पहिल्या दोन शब्दांतच हसू येतं. पुढे ती म्हणते, तू मेलास त्याला इतकी वर्षं झाली, मी अजून इथंच आहे. आणि गंमत बघ, ज्या रेल्वेसाठी तू जीव टाकत होतास तीच आता बंद करायच्या गोष्टी चालल्यात. अर्धवट बांधलेल्या याच रेल्वेनं १८८५ च्या वसंतात मेटींचा उठाव मोडायला सैन्य नेलं होतं. त्यांचा नेता लुई रिएल १६ नोव्हेंबरला रेजायनात फासावर गेला, शेवटचा खिळा ठोकल्यानंतर नवव्या दिवशी. ड्युमाँट म्हणते, रिएल मेला खरा, पण परत परत येतोच आहे.

तीन कविता, चव्वेचाळीस वर्षं आणि एक खिळा. एका संध्याकाळी हे सगळं होतं.

दुसरी पायरी : साहेब आणि शाळेतली मुलगी

आधी एक सावधगिरी. स्कॉट नावाचे तीन कवी भेटतील. वर आले ते एफ. आर. म्हणजे फ्रँक स्कॉट, त्यांचे वडील फ्रेडरिक जॉर्ज हेही कवी, आणि या दोघांशी नातं नसलेले डंकन कॅम्पबेल स्कॉट. इथं काम आहे ते तिसऱ्यांशी.

डंकन स्कॉट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुढे आलेले, घोटीव लिहिणारे कवी. आदिवासींवर त्यांच्या हळव्या कविता आहेत. 'दि ऑनंडागा मॅडोना' या सुनीतात कडेवर मूल घेतलेली एक आदिवासी स्त्री आहे, आणि कवी तिच्याकडे लयाला चाललेल्या वंशाची खूण म्हणून बघतो. पोटापाण्याला हे गृहस्थ त्याच आदिवासींच्या सरकारी खात्यात होते. १९१३ ते १९३२ या काळात ते खात्याचे सर्वोच्च अधिकारी, आणि १९२० मध्ये आदिवासी मुलांना निवासी शाळांत पाठवणं सक्तीचं झालं ते त्यांच्याच अमदानीत. मुलांना घरापासून तोडायचं आणि त्यांची भाषा मोडायची, यासाठीच या शाळा होत्या. म्हणजे वंश लयाला चाललाय म्हणून कवितेत उसासे आणि दिवसा कचेरीत त्याच कामाच्या फायलींवर सह्या.

ही कविता वाचूच नका असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. सुनीत चांगलं बांधलेलं आहे आणि अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे.

हिचा जवाब रीटा जो या मिगमॉ आदिवासी समाजातल्या कवयित्रीकडे आहे. नोव्हा स्कोशातल्या शुबेनाकडी इथल्या निवासी शाळेत ती शिकली. तिची 'आय लॉस्ट माय टॉक' ही कविता इतक्या साध्या शब्दांची आहे की चौथीतल्या मुलालाही कळावी. माझं बोलणं हरवलं, मी लहान असताना तुम्ही ते काढून घेतलंत, आता मी तुमच्यासारखी बोलते, तुमच्यासारखा विचार करते. शेवटी ती हात पुढे करते : माझं बोलणं मला शोधू द्या, म्हणजे मी कोण ते तुम्हाला शिकवता येईल.

ही कविता मी मराठीत आणायला बसलो तेव्हा अडलो तो 'टॉक' या एका शब्दावर. 'भाषा' लिहिलं की ठराव मांडल्यासारखं वाटतं. 'बोली' लिहिलं की भाषाशास्त्राचा तास सुरू होतो. 'वाणी' तर कीर्तनातली. शेवटी 'बोलणं' ठेवलं, कारण लहान मुलीचं हरवतं ते बोलणंच. असा एखादा शब्द पकडून पाच मिनिटं घोळत बसा, कविता जास्त उघडते.

या वाटेनं पुढे जायचं असेल तर आजचे दोघे घ्या. निस्गा या आदिवासी वंशाचा जॉर्डन एबल यानं 'इंजन' (२०१६) या पुस्तकासाठी ९१ जुन्या काउबॉय कादंबऱ्यांचा मजकूर एकत्र केला. त्यात आदिवासींसाठी वापरलेली 'इंजन' ही शिवी जिथं जिथं येते ती वाक्यं वेचली आणि कात्रीनं कापल्यासारख्या त्यांच्या कविता केल्या. दुसरा बिली-रे बेलकोर्ट. 'धिस वूंड इज अ वर्ल्ड' (२०१७) ह्या पहिल्याच संग्रहाला कवितेचा ग्रिफिन पुरस्कार मिळाला. बेलकोर्टपासून सुरुवात केलेली बरी. एबलचं पुस्तक आधी बघायचं असतं, मग वाचायचं.

तिसरी पायरी : क्यूबेक, आणि 'आमच्या भाषेत बोल'

क्यूबेक म्हणजे कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत. कॅनडाची अर्धी गंमत फ्रेंचमध्ये आहे आणि नवे वाचक नेमकी तीच सोडतात. भाषेवरून रोज वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर इथं मुक्कामच करावा.

मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच बोलणाऱ्याला इंग्रजीवाले एके काळी 'स्पीक व्हाइट' म्हणून डाफरत, म्हणजे गोऱ्यांच्या भाषेत बोल. मिशेल लालोंदनं १९६८ मध्ये ती शिवीच कवितेचं शीर्षक केली. कविता फ्रेंच, पण मधेच इंग्रजी शब्द खड्यासारखे येतात. शेक्सपिअर-मिल्टनची तुमची भाषा किती सुंदर, असं खोचक कौतुक करत ती कारखान्यातल्या मुकादमाच्या हुकमांपर्यंत येते. २७ मार्च १९७० च्या रात्री मॉन्ट्रियलच्या जेझू नाट्यगृहात मोठी काव्यरात्र झाली. तिथं लालोंदनं ती म्हटली. त्या रात्रीवरची फिल्म कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळानं काढलेली आहे. ती जरूर बघा. फ्रेंच येत नसलं तरी आवाजातली धार कळते.

१९८९ मध्ये जवाब आला, 'स्पीक व्हॉट'. लिहिणारा मार्को मिकोने, इटलीतून लहानपणी मॉन्ट्रियलला आलेला नाटककार. आता क्यूबेकमध्ये फ्रेंच सत्तेवर होती आणि नव्यानं आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घालणं बंधनकारक होतं. मिकोने लालोंदचाच साचा घेतो आणि विचारतो, आता तुम्ही मालक झालात, तुमच्या गोष्टीत आम्ही आहोत का? लालोंदची कविता 'आम्ही एकटे नाही हे आम्हाला माहीत आहे' अशा अर्थाच्या ओळीवर संपते. मिकोनेकडे दुरून आलेले शंभर समाज तिला सांगतात, तुम्ही एकटे नाही आहात. तीच ओळ, पण बोलणारा बदलला की अर्थ कसा फिरतो! माझ्या लेखी ही कॅनडातली सगळ्यात भारी जोडी.

क्यूबेकचे आणखी दोघे. एमिल नेलिगन, ज्याची जवळपास सगळी कविता विशी गाठायच्या आत लिहून झाली आणि उरलेलं आयुष्य मनोरुग्णालयात गेलं. आणि गास्तों मिरों, 'लोम रापाये' (१९७०) या एकाच पुस्तकावर आयुष्यभर हात फिरवत राहिलेला. तो १९९६ मध्ये गेला तेव्हा सरकारी इतमामानं अंत्यसंस्कार झाले.

चौथी पायरी : गझल, रदीफ-काफियाशिवाय

इथं मराठी वाचक थोडा पुढे आहे आणि म्हणूनच ठेचकाळतो. सुरेश भटांवर वाढलेला माणूस जॉन थॉम्पसनची 'स्टिल्ट जॅक' उघडतो आणि म्हणतो, ही कसली गझल? रदीफ, म्हणजे शेराअखेर परत परत येणारा शब्द, नाही. काफिया, म्हणजे त्याआधीचं यमक, नाही. वृत्ताचा तर पत्ताच नाही.

तक्रार रास्त आहे, पण ही गझल तिथवर कुठल्या वाटेनं पोचली ते बघा. एजाज अहमद यांनी गालिबच्या गझलांचे शब्दशः तर्जुमे अमेरिकन कवींच्या हाती दिले आणि त्यांनी केलेली रूपांतरं १९७१ मध्ये पुस्तकरूपानं आली. वाटेत यमक गळालं आणि उरले सुटे, स्वतंत्र शेर. थॉम्पसन इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यू ब्रन्सविकमधल्या सॅकव्हिलला शिकवणारा. टँट्रामारच्या दलदलीच्या कडेला राहून त्यानं ३८ गझला लिहिल्या आणि १९७६ मध्ये अडतिसाव्या वर्षी तो गेला. पुस्तक १९७८ मध्ये निघालं. मासे, बंदूक, दारू, मोडलेलं घर, आणि दोन शेरांच्या मध्ये मोठी दरी. ती दरीच वाचायची असते. एक शेर वाचा, खिडकीबाहेर बघा, मग दुसरा.

याचा जवाब फिलिस वेबनं दिला, 'वॉटर अँड लाइट' (१९८४) मध्ये. तिनं आपल्या काही गझलांना 'अँटी गझल' म्हटलं. परंपरेतली गझल कुणा आदर्श प्रेयसीला उद्देशून असते, वेबला ते नको होतं. तिला जवळचं, खासगी, बारीकसारीक हवं होतं. त्यात ती जिंकलीय असं मला वाटतं, पण थॉम्पसनच्या ओळी जास्त दिवस डोक्यात राहतात.

पाचवी पायरी : आता मोठ्यानं वाचा

इतक्या भांडणांनंतर एक असा कवी घ्या, ज्याच्या शेजारी बसून नुसतं ऐकायचं. अल पर्डी (१९१८-२०००). शाळा अर्धवट सोडली, मंदीच्या काळात मालगाड्यांवर चढून देश पालथा घातला, व्हँकूव्हरला गाद्यांच्या कारखान्यात राबला. १९५७ मध्ये त्यानं आणि त्याची बायको युरिथी हिनं ऑन्टॅरिओत रॉब्लिन तळ्याकाठी जुनं लाकूड गोळा करून स्वतःच्या हातांनी तिकोनी घर बांधलं. पुढे निम्म्या देशाचे कवी त्या घरात मुक्कामाला येऊन गेले, आणि आता तिथं लेखकांना राहून लिहिता येतं.

'अ‍ॅट द क्विंटी हॉटेल'पासून सुरुवात करा. हॉटेल म्हणजे गुत्ता समजा. हा बिअर पीत बसलाय, मारामारी होते, हा एकाला खाली पाडून त्याच्यावर बसतो आणि मग मंडळींना फुलांवरची कविता ऐकवतो. सगळे खूश. मग याची अटकळ की या कवितेच्या बदल्यात एखादी बिअर मिळेल. मिळत नाही. नंतर 'द कंट्री नॉर्थ ऑफ बेलव्हिल' घ्या. खडकाळ जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजून हरलेल्या शेतकऱ्यांचा हा मुलूख. पर्डी तिथल्या गावांची नावं मंत्रासारखी म्हणत जातो, कॅशल, वोलस्टन, एल्झिव्हर, मॅकक्लूर, डंगॅनन. शेवटी तो म्हणतो की आम्ही परत जाऊ कधीतरी, पण आता वाट अनोळखी माणसांना विचारावी लागेल. गाव सोडलेल्या कुणाही माणसानं ही ओळ एकदा मोठ्यानं म्हणून बघावी.

सहावी पायरी : हुक आणि गळ

मार्गारेट अ‍ॅटवुड तुम्हाला कादंबरीकार म्हणून माहीत असतील, पण त्यांना पहिलं मोठं नाव कवितेनं दिलं. 'पॉवर पॉलिटिक्स' (१९७१) च्या सुरुवातीला चार ओळींची एक कविता आहे. पहिल्या दोन ओळी घरगुती आणि लाडिक. तू माझ्यात असा बसतोस, जसा हुक त्याच्या 'आय'मध्ये. म्हणजे ब्लाउजचा हुक आणि तो अडकवायची तारेची कडी, तिला इंग्रजीत 'आय'च म्हणतात. पुढच्या दोन ओळींत कळतं की हुक मासे पकडायचा आहे आणि डोळा उघडा. मराठीत हा खेळ मोडतो, कारण मासा धरायचा तो गळ आणि ब्लाउजला तो हुक. मी दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं. तुम्हाला जमलं तर मला ऐकायला आवडेल.

त्यांची जोडी लावायची असेल तर १९७० चं 'द जर्नल्स ऑफ सुझॅना मूडी' घ्या. मूडीबाई १८३२ मध्ये इंग्लंडहून आल्या आणि जंगलातल्या हालांवर १८५२ मध्ये पुस्तक लिहिलं. अ‍ॅटवुड त्यांच्या तोंडून बोलतात. शेवटच्या कवितेत मेलेली मूडी टोरांटोच्या सेंट क्लेअर रस्त्यावरच्या बसमध्ये म्हातारी होऊन बसलेली आहे. हे शहर म्हणजे अजून जंगलच आहे, हे तिचं म्हणणं.

इथून पुढे ज्याची त्याची वाट

कायद्याच्या भाषेची आवड असेल तर एम. नुर्बेसे फिलिप यांचं 'झाँग!' (२००८). १७८१ मध्ये एका गुलामवाहू जहाजावरून शंभराहून जास्त माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली आणि खटला चालला तो विम्याच्या पैशांसाठी. त्या निवाड्याच्या मजकुरातलेच शब्द फोडून हे पुस्तक केलेलं आहे. खेळकर काही हवं असेल तर ख्रिश्चन बोक यांचं 'युनोया' (२००१). एका प्रकरणात एकच स्वर. पहिलीच्या पुस्तकातले काना-मात्रा नसलेले धडे आठवतात ना, तसं अख्खं पुस्तक. श्रीलंकेत जन्मलेले मायकेल ओंडाटजी, त्रिनिदादहून आलेल्या डिऑन ब्रँड आणि ग्रीक पंडिता अ‍ॅन कार्सन यांना घाईत उरकू नका. एकेकाला एकेक महिना द्या.

आपल्याशी थेट नातं सांगणारी माणसंही आहेत. सुनीती नामजोशी मुंबईत जन्मल्या (१९४१), आयएएसमध्ये होत्या, मॅकगिलला पीएचडी केली आणि टोरांटोत वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' (१९८१) प्रसिद्ध आहे. पण त्याआधी आई सरोजिनी नामजोशींबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या होत्या, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक असतं. आणि कोहेन? झेन बौद्ध मठातून बाहेर पडल्यावर ते मुंबईला रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला येत. बाळसेकर म्हणजे खेतवाडीत मराठीतून बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे दुभाषे. कोहेनचं 'बुक ऑफ लाँगिंग' (२००६) वाचताना हे ध्यानात असू द्या.

पुस्तकं विकत घेण्याची घाई नको. ग्रिफिन पुरस्काराची वाचनं यूट्यूबवर आहेत, राष्ट्रीय फिल्म मंडळाच्या पुष्कळ फिल्म त्यांच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. कॅनडात राहत असाल तर पब्लिक लायब्ररीचं कार्ड पुरे.

आणि टोरांटोत असाल तर सेंट जॉर्ज स्टेशनला उतरून बीपी निकोल लेन या गल्लीत जा. या कवीच्या नावाची ती गल्ली आहे. कोच हाउस या छापखान्यामागे जमिनीच्या काँक्रीटमध्ये त्याची कविता कोरलेली आहे. लेक (तळं), लेन (गल्ली), लाइन (ओळ), लोन (एकटा), बस एवढीच, इंग्रजीतलं एकेक अक्षर बदलत गेलेली. बर्फाच्या दिवसांत जाऊ नका, दिसत नाही. मी गेलो तो मे महिना होता. कवितेवर एक मालवाहू व्हॅन उभी होती, पुढची चाकं बरोबर तळ्यावर. ड्रायव्हर येईपर्यंत मी वीस मिनिटं तिथंच थांबलो.